तोच की अन्य? : डेरेक पार्फिट यांचा व्यक्तिविचार आणि अनात्मवाद

बालपणापासून वार्धक्यापर्यंत माणूस ‘तोच’ राहतो, असे आपण व्यवहारात गृहीत धरतो. कर्ज घेणारा आणि ते फेडण्यास बांधलेला, वचन देणारा आणि ते पाळणारा, अन्याय सोसणारा आणि न्याय मागणारा एकच आहे, या गृहीतकावर नीती आणि कायदा उभे आहेत. परंतु हे ‘तोच असणे’ कशावर अवलंबून आहे, असे कोणी विचारले तर उत्तर सोपे राहत नाही. देह बदलतो, स्मृती पुसट होते, स्वभाव पालटतो. मग टिकते ते काय? ज्यांनी आत्मा मानला त्यांना या प्रश्नाचे आयते उत्तर मिळाले. ज्यांनी तो नाकारला त्यांच्यावर मात्र हा प्रश्न नव्याने सोडविण्याची जबाबदारी येऊन पडली. ही जबाबदारी पाश्चात्त्य जगात अलीकडच्या काळात ज्यांनी सर्वाधिक निष्ठेने पेलली, ते ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट (१९४२-२०१७) होत. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या त्यांच्या ग्रंथाचा तिसरा भाग याच प्रश्नाला वाहिलेला आहे. आपले मत बुद्धांना मान्य झाले असते, असे पार्फिट यांनी त्यात म्हटले आहे आणि ग्रंथाच्या परिशिष्टात बौद्ध वाङ्मयातील उतारेही दिले आहेत.

या उल्लेखामुळे बौद्ध अभ्यासकांत समाधानाची भावना निर्माण होणे स्वाभाविक आहे. परंतु पश्चिमेच्या पसंतीची मोहोर उमटली म्हणजे आपल्या सिद्धांताचे काम झाले, असे मानण्याची सवय आम्हाला इष्ट वाटत नाही. पार्फिट यांचे मत अनात्मवादाशी कोठवर जुळते आणि कोठे त्यापासून दूर जाते, हे तपासणे अधिक उपयोगाचे आहे. प्रस्तुत लेखात आम्ही तेवढेच करू इच्छितो.

१. प्रश्नाची पूर्वपीठिका

आधुनिक युरोपात या चर्चेचा आरंभ जॉन लॉक यांच्यापासून होतो. मानवी आकलनशक्तीवरील आपल्या निबंधाच्या १६९४ मधील दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी या विषयावर स्वतंत्र प्रकरण घातले. आत्मद्रव्य असो वा नसो, व्यक्तीची एकता जाणिवेच्या सातत्यावर अवलंबून आहे, असा त्यांचा सिद्धांत होता. एखाद्या राजपुत्राची जाणीव चांभाराच्या देहात गेली, तर ती व्यक्ती राजपुत्रच राहील, हे त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. आमच्या दृष्टीने लॉक यांचे दुसरे एक निरीक्षण अधिक मोलाचे आहे. ‘व्यक्ती’ ही संज्ञा मूलतः न्यायव्यवहारातील असून ती कृत्ये आणि त्यांचे श्रेय वा दोष यांच्याशी निगडित आहे, असे त्यांनी म्हटले होते. या निरीक्षणाकडे आम्ही पुढे पुन्हा वळू.

लॉक यांच्यावर दोन आक्षेप आले. जोसेफ बटलर यांनी १७३६ मध्ये असे दाखवून दिले की, स्मृती ही एकतेचा पुरावा असू शकेल, परंतु ती एकता घडवू शकत नाही. कारण ‘माझी’ स्मृती म्हणतानाच ‘मी तोच’ हे गृहीत धरलेले असते. थॉमस रीड यांनी १७८५ मध्ये एका सेनानीचे उदाहरण घेतले. बागेतील फळे चोरल्याबद्दल मार खाल्लेला मुलगा पुढे शूर अधिकारी झाला आणि त्यानंतर सेनापती झाला. अधिकाऱ्याला मार आठवत होता. सेनापतीला अधिकारी असतानाचा पराक्रम आठवतो, परंतु बालपणीचा मार आठवत नाही. स्मृती हीच कसोटी मानली तर सेनापती हा अधिकारी ठरतो, अधिकारी हा मुलगा ठरतो, परंतु सेनापती मात्र तो मुलगा ठरत नाही. ही उघड विसंगती होय.

डेव्हिड ह्यूम यांनी याहून पुढचे पाऊल टाकले. स्वतःच्या अंतरंगात पाहिले असता निरनिराळ्या संवेदनांवाचून ‘मी’ नावाची वस्तू त्यांना सापडली नाही, आणि मन हा संवेदनांचा पुंज आहे असे त्यांनी १७३९ मध्ये प्रतिपादन केले. परंतु हे पुंज एकत्र कशाने बांधले जातात, याचे समाधानकारक उत्तर आपल्याजवळ नाही, अशी कबुली त्यांनी १७४० मध्ये परिशिष्टात दिली. पार्फिट यांनी सूत्र हाती घेतले ते येथून.

२. पार्फिट यांचे प्रतिपादन

पार्फिट यांची पद्धती कल्पित प्रसंगांची आहे. एका यंत्रात माणूस शिरतो; यंत्र त्याच्या देहाची कणाकणाने नोंद घेऊन तो नष्ट करते आणि मंगळावर त्याच नोंदीवरून तंतोतंत तसाच देह आणि तसेच मन तयार होते. हा प्रवास झाला की मृत्यू? पुढे सुधारलेले यंत्र मूळ देह नष्ट न करता प्रतिकृती घडविते आणि मूळ माणसाला कळते की, आपले हृदय निकामी झाले असून आपण थोड्याच दिवसांत मरणार आहोत. मंगळावर आपली प्रतिकृती जगणार आहे, याचे त्याने समाधान मानावे काय? दुसऱ्या एका प्रसंगात मेंदूचे दोन अर्धभाग दोन देहांत बसविले जातात आणि दोघांनाही पूर्वीचे सारे आठवते. दोघेही ‘तोच’ असू शकत नाहीत, कारण ते परस्परांहून भिन्न आहेत. दोघांपैकी एकालाच ‘तोच’ म्हणण्यास काही आधार नाही.

यावरून पार्फिट दोन निष्कर्ष काढतात. पहिला असा की, देह, मेंदू आणि परस्परांशी संबद्ध असलेल्या शारीरिक व मानसिक घटना यांपलीकडे व्यक्ती म्हणून वेगळे असे काही अस्तित्वात नाही. त्यामुळे काही प्रसंगी ‘तो मीच असेन काय’ या प्रश्नाला निश्चित उत्तरच नसते आणि त्याने काही बिघडत नाही. दुसरा निष्कर्ष असा की, महत्त्व ‘तोच असण्याला’ नसून मानसिक संलग्नता आणि सातत्य यांना आहे. संलग्नता म्हणजे आजचे मन आणि पूर्वीचे मन यांच्यातील स्मृती, संकल्प, स्वभाव यांचे थेट धागे. सातत्य म्हणजे अशा धाग्यांची एकमेकांत गुंफलेली साखळी. या भेदामुळे रीड यांच्या सेनापतीची अडचण दूर होते. त्याचे मुलाशी सातत्य आहे, संलग्नता मात्र क्षीण आहे.

हे सत्य उमगल्यावर आपल्यात आणि इतरांत असलेली भिंत विरळ झाली आणि मृत्यूचे भय कमी झाले, असे पार्फिट लिहितात. तर्कशास्त्रीय ग्रंथात असा अनुभव नोंदविण्याचे धैर्य त्यांनी दाखविले, हे आम्ही आदरपूर्वक नमूद करतो.

३. साम्य कोठवर

भदन्त नागसेनांचा रथाचा दृष्टांत वाचकांस परिचित आहे. चाक, आस, दांडी यांपैकी एकही रथ नव्हे आणि त्यांच्याबाहेरही रथ नाही. भाग विशिष्ट रीतीने जुळले असता ‘रथ’ हे व्यवहारातील नाव लागू होते. ‘नागसेन’ हे नावही तसेच. वसुबंधूंनी अभिधर्मकोशाच्या शेवटी जोडलेल्या प्रकरणात हाच पक्ष तर्काने मांडला आणि पुद्गल मानणाऱ्या वात्सीपुत्रीयांचे खंडन केले. पंचस्कंधांहून वेगळी व्यक्ती नाही. आहे ती प्रतीत्यसमुत्पन्न घटनांची संतती. येथपर्यंत पार्फिट आणि बौद्ध आचार्य एका वाटेने चालतात.

बौद्ध परंपरेतही हा प्रश्न एका झटक्यात मिटलेला नव्हता, हेही लक्षात ठेवले पाहिजे. स्कंधांचा भार वाहणारा कोण, हे सांगणाऱ्या सुत्ताचा आधार घेऊन पुद्गलवाद्यांनी स्कंधांशी अभिन्नही नाही आणि भिन्नही नाही असा पुद्गल मानला. जळण आणि अग्नी यांचा त्यांचा दृष्टांत होता. कथावत्थूतील पहिलाच वाद पुग्गलाविषयी आहे. सातव्या शतकात युआन श्वांग भारतात आले, तेव्हाही पुद्गल मानणाऱ्या सम्मितीयांचा संघ मोठा होता. जबाबदारीला आधार हवा, ही त्यांची चिंता खोटी नव्हती. त्या चिंतेचे उत्तर पुद्गलावाचून देता येते, हे दाखविणे हेच अनात्मवादाचे खरे काम आहे. पार्फिट यांच्या मताची परीक्षाही याच ठिकाणी होते.

४. मतभेद : जबाबदारीचा आधार

पार्फिट यांनी एक प्रसंग कल्पिला आहे. शांततेच्या नोबेल पारितोषिकाचा खराखुरा मानकरी असलेला नव्वद वर्षांचा वृद्ध अशी कबुली देतो की, विसाव्या वर्षी दारूच्या नशेत आपण एका पोलिसाला जखमी केले होते. त्या तरुणाशी या वृद्धाची मानसिक संलग्नता इतकी कमी उरली आहे की, तो आता शिक्षेस पात्र नसेल, असा पार्फिट यांचा कल आहे. संलग्नता जितकी क्षीण तितकी पात्रता कमी, हे त्यामागील तत्त्व.

आता मिलिंदपञ्हातील दृष्टांत पाहा. आंबे चोरणारा म्हणतो की, मालकाने लावलेला आंबा वेगळा आणि मी तोडलेले आंबे वेगळे. दिव्याच्या उजेडात जेवताना ज्याच्या हातून छपराला आग लागली आणि गाव जळाले, तो म्हणतो की, माझ्या जेवणाचा दिवा वेगळा आणि गाव जाळणारी आग वेगळी. वधूमूल्य घेतलेली लहान मुलगी उपवर झाल्यावर तिच्याशी विवाह करणारा दुसरा पुरुष म्हणतो की, ती मुलगी वेगळी आणि ही तरुणी वेगळी. या तिन्ही सबबी मिलिंद राजाच फेटाळतो. त्याने कोणती कसोटी लावली? साम्याची लावली नाही. कारण दिवा आणि वणवा यांत साम्य ते किती? स्मृतीचीही लावली नाही. आंब्याला स्मृती नसते. एकातून दुसरे अखंड कारणपरंपरेने उद्भवले, एवढेच त्याने पाहिले.

आमच्या मते पार्फिट आणि नागसेन यांच्यातील खरा भेद हा आहे. पार्फिट आत्मा काढून टाकतात, परंतु त्याच्या जागी स्मृती आणि स्वभाव यांच्या जवळिकीला बसवितात. परिणामी ज्याचा स्वभाव पालटला, ज्याला विसर पडला, त्याचे दायित्व आपोआप विरत जाते. पूर्वीच्या पिढ्यांचे अपराध विसरून जावे, आता आम्ही तसे राहिलो नाही, असे म्हणणाऱ्यांना हे तत्त्व सोयीचे ठरेल. नागसेनांच्या कसोटीत अशा विस्मृतीला सवलत नाही. आग ज्या दिव्यापासून पेटली तो दिवा लावणाऱ्याला आगीचे स्वरूप बदलले म्हणून मोकळे होता येत नाही.

यावर कोणी म्हणेल की, मग बौद्ध विचारात परिवर्तनाला किंमत काय? याचे उत्तर अंगुलिमालाच्या सुत्तात आहे. हत्या करणारा अंगुलिमाल भिक्खू होतो आणि प्रसववेदनांनी व्याकुळ झालेली स्त्री पाहून हेलावतो. जन्मापासून आपण जाणूनबुजून प्राण्याचा वध केला नाही, या सत्यवचनाच्या बळावर तिचे कल्याण चिंतावे, असे तथागत त्याला सांगतात. हे असत्य होईल, असे तो म्हणतो. तेव्हा ‘आर्य जन्म’ लाभल्यापासून, असा बदल तथागत करतात. येथे नवा जन्म खरा मानलेला आहे. तो उपचार नव्हे. परंतु याच सुत्तात पुढे, अर्हत झालेल्या अंगुलिमालावर लोकांची ढेकळे, काठ्या आणि दगड येऊन पडतात आणि रक्तबंबाळ होऊन तो परततो, तेव्हा हे सहन कर, असेच तथागत सांगतात. नवा जन्म होतो आणि जुन्या कृत्याचा परिणाम पुसलाही जात नाही. नोबेलच्या मानकऱ्याचा प्रसंग आणि हा प्रसंग शेजारी ठेवले असता, कोणत्या विचारात माणसाची अधिक संपूर्ण दखल घेतली आहे, हे वाचकांनीच ठरवावे.

अचेल कस्सपाच्या संवादात तथागतांनी दोन्ही टोके नाकारली आहेत. करणारा तोच भोगतो म्हटले तर शाश्वतवाद होतो. एक करतो व दुसराच भोगतो म्हटले तर उच्छेदवाद होतो. मध्ये उरतो तो प्रतीत्यसमुत्पाद. पार्फिट शाश्वतवादापासून पूर्णतः मुक्त आहेत. उच्छेदवादाकडे झुकण्यापासून मात्र त्यांचे मत पुरेसे सावध नाही, असा आमचा आक्षेप आहे.

५. मतभेद : व्यक्तीची वेगळीक आणि न्याय

दुसरा प्रश्न सामाजिक न्यायाचा आहे. जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये उपयुक्ततावादावर असा आक्षेप घेतला की, तो व्यक्तींची परस्परांहून असलेली वेगळीक गांभीर्याने घेत नाही. एकाच्या दुःखाची भरपाई दुसऱ्याच्या सुखाने झाली असे तो मानतो. पार्फिट यांचे म्हणणे असे की, व्यक्तीची एकता हीच जर सखोल गोष्ट नसेल, तर सुखदुःखाची वाटणी कोणात होते या प्रश्नाचे वजनही कमी होते. शांतिदेवांनी बोधिचर्यावताराच्या आठव्या परिच्छेदात याच्याशी जुळणारा विचार मांडला आहे. दुःखाला खरा स्वामी नाही. म्हणून माझे वा परक्याचे असा भेद न करता, ते दुःख आहे एवढ्याच कारणाने निवारावे.

शांतिदेवांची करुणा वंदनीय आहे. परंतु स्वामीहीन दुःखाचा हा विचार समाजव्यवस्थेच्या चर्चेत जसाच्या तसा आणला, तर त्यातून धोका संभवतो. बहुतांच्या सुखासाठी काहींनी सोसावे, हे ज्या समाजाला शतकानुशतके अंगवळणी पडले आहे, तेथे ‘कोण सोसतो’ हा प्रश्न गौण ठरविणे म्हणजे सोसणाऱ्यालाच अदृश्य करणे होय. परमार्थाच्या पातळीवर दुःखाला स्वामी नसेल. त्याच्या कारणाला मात्र ठावठिकाणा असतो.

दिनांक ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याऐवजी व्यक्ती हा घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले होते. आठ वर्षांनी त्यांनीच आत्मा नाकारणारा धम्म स्वीकारला. यात विसंगती आहे काय? आमच्या मते नाही. व्यक्ती ही प्रज्ञप्ती आहे, म्हणजे व्यवहारासाठी स्थापिलेली संज्ञा आहे. परंतु सर्व प्रज्ञप्ती सारख्या योग्यतेच्या नसतात. जातही प्रज्ञप्तीच आहे आणि नागरिकही. पहिली दुःख निर्माण करते आणि स्वतःला नैसर्गिक सत्य म्हणविते. दुसरी दुःखाला बांध घालते आणि आपण माणसांनी घडविलेले आहोत हे लपवीत नाही. लॉक यांनी व्यक्तीला न्यायव्यवहारातील संज्ञा म्हटले, त्याचा खरा अर्थ येथे उलगडतो. अनात्मवाद व्यक्तीचे हक्क हिरावून घेत नाही. ते आत्म्याच्या आधारावर उभे नाहीत, एवढेच तो सांगतो.

६. बाबासाहेबांचा मार्ग

१९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी जे चार प्रश्न उपस्थित केले, त्यांतील तिसरा हाच आहे : आत्मा नसेल तर कर्म आणि पुनर्जन्म कसे संभवतात? चौथ्या खंडात त्यांनी प्रश्नाचे दोन भाग पाडले. पुनर्जन्म कशाचा, आणि पुनर्जन्म कोणाचा? देहातील महाभूते नष्ट न होता विश्वातील तत्सम द्रव्यात मिसळतात आणि त्यांतून नवे जीव घडतात, या अर्थी पुनर्जन्म आहे. परंतु तोच माणूस पुन्हा जन्मतो काय? त्याचीच सारी तत्त्वे पुन्हा एकत्र आली तरच तसे म्हणता येईल. निरनिराळ्या मृतांच्या तत्त्वांचे मिश्रण झाले तर पुनर्जन्म होईल, पण त्याच जीवाचा नव्हे.

येथे बाबासाहेब नागसेनांपेक्षाही एक पाऊल पुढे जातात. गतजन्मीचे कर्म या जन्मी भोगावे लागते, हे मत त्यांनी बुद्धांचे म्हणून मान्य केले नाही, आणि त्याचे कारण निव्वळ तार्किक नव्हते. मागील जन्मीचा पापी आणि आजचा पीडित ‘तोच’ आहे, असे ठरविले की पीडिताला न्याय मागण्याचा अधिकारच उरत नाही. त्याची दैन्यावस्था हाच न्याय ठरतो. व्यक्तीच्या एकतेचा सिद्धांत किती क्रूर कामी येऊ शकतो, याचे याहून मोठे उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. पार्फिट यांच्या ग्रंथात या उपयोगाची दखल नाही, कारण त्यांच्यासमोर तो समाज नव्हता. कम्माचा नियम बाबासाहेबांनी व्यक्तीवर न ठेवता नैतिक व्यवस्थेवर ठेवला. व्यक्ती येतात आणि जातात. कुशल व अकुशल कर्माचे परिणाम मानवजातीच्या जीवनात उरतात. म्हणजे दायित्व मृत्यूपलीकडे जाते, परंतु ते कोणा एका जीवाच्या पाठीवर बसून जात नाही.

७. नव्या जन्माचा अर्थ

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिल्या गेलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी एकविसावी प्रतिज्ञा आपला नवा जन्म होत असल्याची आहे. हा नवा जन्म मानल्यास दीक्षा घेणारा ‘तोच’ राहिला की ‘अन्य’ झाला? हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हता, हे पुढील इतिहासाने दाखविले. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जात नव्हती. १९५६ मध्ये शिखांचा त्यात समावेश झाला. बौद्धांसाठी संसदेने या आदेशात दुरुस्ती केली ती १९९० मध्ये. तोवरच्या चौतीस वर्षांत केंद्राच्या त्या आदेशाच्या दृष्टीने धर्मांतरित माणूस जणू ‘अन्य’ झाला होता. गावाच्या वेशीवर मात्र त्याला ‘तोच’ समजले जात होते. मंगळावरील प्रतिकृतीपेक्षा हा प्रसंग अधिक गहन आहे, आणि त्यासाठी कोणतेही यंत्र कल्पावे लागत नाही.

मारिया शेख्टमन यांनी १९९६ मध्ये ‘द कॉन्स्टिट्यूशन ऑफ सेल्व्ज’ या ग्रंथात एक उपयुक्त भेद केला. हा तोच माणूस आहे काय, हा ओळख पटविण्याचा प्रश्न वेगळा. आणि हा माणूस कोण आहे, कोणती मूल्ये व कृती त्याची म्हणावीत, हा प्रश्न वेगळा. दीक्षेचा नवा जन्म दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर संतती देते : अन्यायाची जी परंपरा त्या माणसापर्यंत पोचली, तिच्या भरपाईवरील त्याचा हक्क नव्या जन्माने संपत नाही. अंगुलिमालाच्या बाबतीत जुन्या कृत्याचे दायित्व नव्या जन्मानंतरही उरले. येथे जुन्या अन्यायाविरुद्धचा हक्क उरतो. कारणपरंपरेचा हा एकच नियम दोन्हीकडे लागू पडतो.

पार्फिट यांनी आत्म्याचा आधार न घेता नीतिविचार करता येतो, हे आधुनिक तर्काच्या भाषेत सिद्ध केले. त्यांचे हे कार्य आम्ही मोलाचे मानतो. परंतु त्यांचे तत्त्वज्ञान स्मृती आणि स्वभावाच्या जवळिकीपाशी थांबते. धम्म कारण आणि दुःख यांचा माग काढीत पुढे जातो. आमच्या विद्यार्थ्यांनी पार्फिट अवश्य वाचावेत, आणि त्यांच्या शेजारी मिलिंदपञ्ह, अंगुलिमाल सुत्त व ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चा चौथा खंड उघडा ठेवावा. पार्फिट यांचे जे प्रतिपादन या तिहींच्या कसोटीला उतरेल ते घ्यावे, आणि जे उतरणार नाही त्याविषयी निःसंकोचपणे वाद घालावा.